जोडीचा बाक

नानांनी त्या सकाळी दाढी करताना गाल दोनदा कापून घेतला. जन्मभर पूल बांधलेल्या, तुळई बोटभर सरकली तरी काम थांबवणाऱ्या माणसाच्या गालावर कागदाचे दोन तुकडे चिकटलेले पाहून त्यांचा थोरला मुलगा, दादा, काही बोलला नाही. तो टेबलाच्या टोकाला बसून पेन्सिलींना टोक करत होता. वरच्या सभागृहात तो लघुलेखक होता. बोलायचं नाही, फक्त लिहायचं, ही नोकरीची अट त्याने घरातही लागू करून घेतली होती.

धाकटी बहीण, फौजदार, मात्र दारातूनच सुरू झाली.

"नाना, हे काय? विरोधकांनी गाठलं की काय?"

"ब्लेड जुनं आहे."

"तुमच्या सभागृहासारखं."

"सभागृहापेक्षा बरं. हे निदान कापतं तरी."

दादा हसला आणि पुन्हा पेन्सिलींकडे वळला.

धाकटीला घरात लहानपणापासून फौजदार म्हणत, कारण कोणी काय फोडलं याचा तपास पूर्ण केल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. आता ती खालच्या सभागृहात निवडून आलेली सदस्य होती आणि वरचं सभागृह बरखास्त करण्याचं विधेयक तिनेच मांडलं होतं. खाली ते मंजूर झालं होतं. आज दुपारी ते वर यायचं होतं. ज्यांना कोणीच निवडून दिलेलं नाही, जे तहहयात नेमले गेले आहेत, त्यांनी आपण घरी जायचं की नाही यावर आज मत द्यायचं होतं. त्या नेमलेल्यांपैकी एक नाना होते. नाना विधेयकाच्या बाजूने होते. आणि तरीही नानांचं मत मिळणार नव्हतं.

कारण नानांनी जोड लावली होती. वरच्या सभागृहाची ही जुनी पद्धत. एखादा सदस्य आजारी पडला, की विरुद्ध मताच्या एकाने त्याला शब्द द्यायचा: तुम्ही येऊ शकत नाही, तर मीही मत देत नाही. दोन्ही मतं एकमेकांत फिटली. कागद नाही, सही नाही. हातात हात द्यायचा आणि सभापतींच्या कानावर घालायचं. मतदानाची घंटा वाजली, की जोड लावणाऱ्याने दाराबाहेरच्या अरुंद बाकावर येऊन बसायचं. म्हणजे तो आत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. आणि आजारी पडले होते जज्जसाहेब. नानांचे व्याही, दादाचे सासरे, आणि सभागृह पाडू नका, दुरुस्त करा, असं वर्षानुवर्षं घसा फोडून सांगणारे वरच्या सभागृहातले सर्वांत हट्टी गृहस्थ.

नानांनी हात दिला तेव्हा विधेयकाला मतांची ददात नव्हती. नंतर मंडळी एकेक करून सरकली. कालच्या हिशेबात दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या होत्या. आणि मतं सारखी पडली तर सभापतींनी आहे ते तसंच राहू द्यावं, असा संकेत होता.

फोन वाजला. नानांनी तो कानापासून जरा लांब धरला, कारण विधेयकाच्या बाजूचा प्रतोद नेहमी ओरडूनच बोलायचा.

"नाना, एका मतावर अडलंय! एका!"

"मला आकडे येतात."

"जज्जसाहेबांना विचारून बघा ना. त्यांनी शब्दातून सोडलं की तुम्ही मोकळे."

"छाती उघडून शिवलेल्या माणसाला जाऊन हे विचारू?"

मग प्रतोद पहिल्यांदाच हळू बोलला. "बरं. आणि समजा... मी आपलं समजा म्हणतोय, नाना. जोड काय, जिवंत माणसाशी असते."

नानांनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?" फौजदारने विचारलं.

"तब्येत विचारत होता."

"कुणाची?"

"जज्जसाहेबांची. फार काळजी आहे त्याला."

फौजदार खुर्ची ओढून समोर बसली. टोस्ट उचलला, पुन्हा बशीत ठेवला. "नाना, मी शब्द मोडा म्हणत नाही."

"म्हणूच नकोस."

"पण शब्द दिलात कुणाला, ते तर बघा. तुम्ही दोघे व्याही दवाखान्यात एकमेकांचा हात धरता आणि अख्ख्या देशाचा कायदा अडतो. खडीमशीनवरच्या बाईला कोणी विचारलं?"

ती बाई कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फौजदारच्या मतदारसंघात दगड फोडून खडी करणारी यंत्रं होती. धूळ छातीत बसून माणसं तिथे खोकत खोकत मरायची. भरपाईचा कायदा खालून तीनदा मंजूर होऊन वर गेला आणि तीनदा 'अधिक अभ्यासासाठी' परत आला. पहिल्या खेपेला ज्या माणसाने फौजदारला स्वतःच्या छातीचा फोटो दाखवला होता, तिसऱ्या खेपेला त्याची बायको तोच फोटो घेऊन आली.

"अभ्यास!" फौजदार म्हणाली. "तुमचा अभ्यास होईपर्यंत माणसं संपली."

"म्हणून तर मी तुझ्या बाजूचा आहे."

"मनाने. मनं मोजत नाहीत तिथे."

"मग मला धरून नेलं होतं तेव्हा?"

हे दादा बोलला. दोघांनीही त्याच्याकडे वळून पाहिलं. तो पेन्सिलीच्या टोकावर फुंकर घालत होता.

"विनाचौकशी वर्षभर डांबून ठेवायचा कायदा," तो म्हणाला. "खाली दुपारच्या चहाआधी मंजूर झाला होता. टाळ्यांच्या गजरात. निवडून आलेल्यांनीच केला होता. वर जज्जसाहेब उभे राहिले आणि दिवस मावळेपर्यंत खाली बसले नाहीत. तो कायदा लटकला, म्हणून मी आणि माझ्याबरोबरची पोरं कोठडीतून बाहेर आलो."

"दादा, तू आज मत मांडलंस?"

"छे. नोंद केली."

"एकदा!" फौजदारने टेबलावर हात आपटला. "एकदाच धड काम केलं, ते किती वर्षं पुरवून खायचं? आणि तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस. खाली लावून देईन."

"खाली फार आरडाओरडा असतो. लिहिता येत नाही."

नाना उठले, कोट घातला आणि आरशासमोर जाऊन गालावरचे कागद काढले. आरशातूनच ते लेकीशी बोलले.

"जज्जसाहेब म्हणतात, तहहयात नको, ठरावीक मुदत ठेवा, नेमणुका बाहेरच्या मंडळींकडे द्या. चांगली दुरुस्ती आहे. ती दोनदा आली आणि वरच्यांनीच दोनदा फेटाळली. मी त्यांना म्हटलं, साहेब, आम्ही पूल दुरुस्त करायच्या आधी वरची वाहतूक थांबवतो. तुमच्या पुलावरची वाहतूकच म्हणते, आम्ही उतरणार नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, व्याही, म्हणून पूल पाडणार? नदी पोहून जायला सगळ्यांना येतं का?" नानांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी बाकावर बसणार आहे. मला आता समजवायला कोणी येऊ नका."

*

रुग्णालयात वहिनी वडिलांजवळ होती. दादाची बायको, जज्जसाहेबांची एकुलती एक मुलगी. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि त्या सकाळी ते ज्ञान तिला नकोसं झालं होतं. नळीतून काय चढतंय हे बाटलीवरून तिला कळत होतं. सकाळी ती बाटली बदलली, तेव्हाच तिने खुर्ची खाटेजवळ ओढली. नर्स हसून "रूटीन आहे हं" म्हणाली, तेव्हा तिने ती आणखी जवळ घेतली.

"नाडी बघू नकोस," जज्जसाहेब डोळे मिटूनच म्हणाले. "घंटा कधी आहे ते सांग."

"दुपारी. तुम्ही बोलू नका, बाबा."

"तुझे सासरे बसतील बाकावर. मनातून मला शिव्या देतील, पण बसतील." ते थांबले, श्वास गोळा केला. "बाक फार अरुंद आहे तो. त्यांच्या कमरेला सोसत नाही. कोणीतरी उशी न्यायला हवी होती."

"नेऊ का मी?"

"नको. मग म्हणतील, लाच दिली."

ती हसली. तेही हसले असावेत. मास्कमुळे नीट दिसलं नाही. जरा वेळाने त्यांनी चष्मा मागितला, तिने घातला, आणि ते छताकडे बघत राहिले.

"दुरुस्त होण्यासारखं आहे गं ते," ते म्हणाले. "घाई आहे सगळ्यांना."

मग त्यांना झोप लागली. यंत्रावरची रेघ आधी बदलली, आवाज नंतर झाला. तिला बाहेर थांबायला सांगितलं. पडद्याखालून तिला चारपाच जणांचे पाय दिसत होते. सुरुवातीला ते भराभर हलत होते, मग सावकाश हलायला लागले, आणि ते सावकाश झाले तेव्हाच तिला समजलं. डॉक्टर बाहेर येऊन जे बोलायचं ते बोलले. तिने मान डोलावली आणि विचारलं, चष्मा कुठे आहे.

आईला कळवायला हवं होतं. आई दुपारी यायची होती, बाबांचं दाढीचं सामान आणि धुतलेले कपडे घेऊन. वहिनीने पर्समधून फोन काढला. दादाला लावला, तो वाजत राहिला. कामावर असताना दादाचा फोन बाहेरच्या कपाटात असतो, हे तिला ठाऊक होतं तरी तिने लावला. फोन ठेवला तेव्हा पडद्यावर न घेतलेले कॉल दिसले. सगळे 'वन्सं' या नावावरचे.

ती आणि फौजदार एका वर्गात शिकलेल्या. लग्नानंतर नावाने हाक मारायचं सोडून तिने थट्टेने वन्सं म्हणायला सुरुवात केली, फौजदारनेही उलट वहिनी म्हणून परतफेड केली, आणि ती थट्टाच मग दोघींची नावं होऊन बसली.

त्या कॉलकडे बघता बघता तिच्या ध्यानात आलं.

बाबा गेले हे या घटकेला डॉक्टरांना, नर्सना आणि तिला माहीत होतं. घंटा वाजून संपेपर्यंत ते एवढ्यांनाच माहीत राहिलं, तर बाबांचं सभागृह उभं राहणार होतं. कोणाशी खोटं बोलायचं नव्हतं. कुठे जायचं नव्हतं. फोन पर्समध्ये टाकायचा आणि या खुर्चीवर बसून राहायचं, एवढंच. रडत बसलेल्या मुलीला कोण विचारणार होतं, कळवायला उशीर का झाला म्हणून?

आईला सांगितलं असतं, तर आईने पहिला फोन व्याह्यांनाच केला असता.

तिने फोन पर्समध्ये टाकला. खुर्चीवर बसली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. ते तिने पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिला नाना दिसायला लागले. कमर दुखतेय आणि ते ताठ बसलेत, एका अशा माणसाला दिलेल्या शब्दासाठी, जो आता नाही. संध्याकाळी ते इथे येतील. पायाशी उभे राहतील. आणि विचारतील, सूनबाई, कधी गेले?

तेव्हा वेळ सांगावी लागणार होती.

ती उठली. नर्सला म्हणाली, "मी आलेच." टॅक्सीवाल्याला सभागृहाचं नाव सांगितलं, तेव्हाही आपण सांगायला निघालोय की नुसतं नानांशेजारी जाऊन बसायला, हे तिला माहीत नव्हतं. सिग्नलला टॅक्सी थांबली, की हा लवकर सुटू नये असं तिला वाटे. आणि सुटला नाही, की जीव घाबरा होई.

*

वरच्या सभागृहाच्या दाराबाहेर लांबलचक गालिचा होता आणि त्याच्या कडेला तो बाक. एका माणसापुरता रुंद, पाठीला सरळ फळी. तो बांधणाऱ्याने शब्द पाळणाऱ्यांची परीक्षा बघायची ठरवलेली असावी.

नाना त्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काठी शेजारी भिंतीला टेकवलेली. आत भाषणं संपत आली होती.

"साहेब, आज बाकावर तुम्ही एकटेच," दाराशी उभा असलेला दरवान म्हणाला.

"बाकी सगळ्यांची तब्येत ठणठणीत आहे."

फौजदार समोरच्या खांबाजवळ उभी होती. तिला आत मत नव्हतं; तिचं सभागृह जिन्याच्या खाली. प्रतोद दोनदा बाहेर येऊन नानांकडे बघून गेला होता, हरवलेल्या सामानाकडे बघावं तसा. फौजदारने वहिनीला पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही.

"कोणाला लावतेस सारखा?" नानांनी विचारलं.

"वहिनीला."

"कशाला?"

"तब्येत विचारायला."

नानांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "त्या प्रतोदासारखी?"

तिचे कान तापले. ती काही बोलणार तेवढ्यात घंटा वाजायला लागली. ही घंटा खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायची. ती वाजत असेपर्यंत दारं उघडी असायची आणि थांबली की बंद. उपाहारगृहातून, वाचनालयातून म्हातारी माणसं लगबगीने येऊ लागली. जाताना कोणी नानांना नमस्कार करत होतं, कोणी नजर चुकवत होतं.

आणि जिन्यावरून वहिनी वर आली.

रुग्णालयातला भेटीचा बिल्ला अजून तिच्या खांद्यावर टाचलेला होता. केसांची क्लिप एका बाजूला घसरलेली. हातात जज्जसाहेबांचा चष्मा होता. तो आपल्या हातात आहे हे तिला माहीत नसावं. ती बाकासमोर येऊन उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं.

"थांब," नाना म्हणाले. त्यांनी हात वर केला होता. "घंटा थांबू दे. तोपर्यंत मला काही सांगू नकोस, सूनबाई. एक अक्षर नको."

वहिनीने तोंड मिटलं.

फौजदारला कळलं होतं. खांबापासून बाकापर्यंत चालत येताना तिच्या मनात दुःख आलं, पण ते नंतर. आधी आकडा आला. याबद्दल तिने पुढे कोणालाही कधी सांगितलं नाही.

"नाना, हेच," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्याच ओळखीचा राहिला नव्हता.

"काय हेच?"

"हेच तुमचं सभागृह. समोर येऊन उभं राहिलंय, डोळ्यांना दिसतंय, कळलंसुद्धा आहे. आणि आपण सभ्यपणे म्हणायचं, अजून कळवण्यात आलेलं नाही. त्या धुळीचंही तुम्ही असंच केलंत."

नानांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. गालावरची एक जखम पुन्हा ओलावली होती. घंटा वाजत होती.

"सांग," ते सुनेला म्हणाले.

"बाबा गेले." वहिनीने चष्म्याकडे पाहिलं. "झोपेत. मी होते जवळ."

"त्रास?"

"नाही. बाक अरुंद आहे म्हणाले. तुमच्या कमरेची काळजी करत होते."

नानांच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा असावा. दरवानाने मान दुसरीकडे वळवली, पण घड्याळाकडे बघायचं त्याला टाळता आलं नाही.

"नियमाने मी मोकळा आहे," नाना म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "आणि हात दिलाय तोही मीच. आता मी इथे दोन्ही बाजूंचा विचार करत बसलो, की घंटा थांबेल आणि फौजदार म्हणेल, पुन्हा अभ्यास." त्यांनी वर पाहिलं. "तू सांग."

"काय?"

"उठू की बसू?"

"नाना, हे माझ्यावर टाकू नका."

"का? तुला लोकांनी निवडून दिलंय. मला कोणीच दिलेलं नाही. ज्यांना नंतर जाब विचारता येतो त्यांनीच ठरवावं, हेच म्हणतं ना तुझं विधेयक? मला ते पटलेलं आहे. मग ठरव." त्यांनी सुनेकडे हात केला. "जाब विचारणारी इथेच उभी आहे. तिच्यासमोर सांग."

फौजदारने वहिनीकडे पाहिलं. शाळेत उत्तर अडलं की ती अशीच बघायची, आणि वहिनी ओठ हलवून सांगायची.

"माझ्याकडे बघू नकोस, वन्सं," वहिनी म्हणाली. "माझं सांगून झालं."

प्रतोद दारात येऊन उभा राहिला. त्याने तिघांचे चेहरे पाहिले आणि एकदम डोळे मोठे केले. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं फौजदारला वाटलं. मग त्याच्यावर खेकसता आलं असतं. तो बोलला नाही. घंटा मात्र थांबायच्या बेतात होती, शेवटी शेवटी तिच्यात एक खरखर यायची, ती आता आली होती. फौजदारला खडीमशीनवरच्या बाईचा हात आठवला. त्या हातात छातीचा फोटो उलटा धरलेला होता, आणि तो सुलटा करून देण्याची सगळ्यांनाच लाज वाटली होती.

"उठा, नाना," ती म्हणाली.

नाना उठायला गेले आणि कमरेत अडकले. वहिनीने भिंतीला टेकवलेली काठी त्यांच्या हातात दिली. ते तिच्यासमोर क्षणभर थांबले. ती बाजूला सरकली, जाणाऱ्याला वाट द्यावी तेवढीच. दरवानाने त्यांना आत घेतलं आणि दार ओढलं. घंटा थांबली.

वहिनी बाकावर बसली. जोडीतला दुसरा माणूस बसतो तिथेच, पाठ फळीला लावून. फौजदार पुढे झाली, पण बाकावर दुसऱ्या कोणाला जागा नव्हती आणि वहिनीने सरकण्याचा प्रयत्न केला नाही.

"आईला अजून सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाली.

"काय?"

"आईला. आधी इकडे आले. ती आता घरून निघत असेल. बाबांचं दाढीचं सामान घेऊन."

"मी करते फोन. दे, मी करते."

"नको." वहिनी चष्म्याच्या काड्या मिटत होती, उघडत होती. "तुम्ही मतं मोजा."

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच तिला अहोजाहो केलं होतं.

*

आत दादाची पाळी चालू होती. सभागृहाच्या मधोमध खाली ठेवलेलं ते टेबल. तिथे लघुलेखक थोडा थोडा वेळ बसतात, मग मागचा येऊन खांद्याला हात लावतो आणि पुढचा उठून टंकायला जातो. मान वर करायची नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दादाला हे काम आवडायचं. गोंधळ चारी बाजूंना असतो आणि आपण त्याच्या मधोमध शांत असतो.

पण त्याने काठी ऐकली. दार बंद होतानाच ती गालिचावर टेकली, दोन पावलं, पुन्हा टेकली. ती चाल तो झोपेतही ओळखला असता. नाना आत आले होते. नानांनी शब्द मोडला होता. ताठ कण्याचा तो माणूस, ज्याचं नाव सांगून दादाने आयुष्यभर मान वर ठेवली, तो आज भरल्या सभागृहात व्याह्याला दिलेला शब्द मोडत होता. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं?

"जोड आहे त्यांची!" समोरच्या बाकांवरून कोणी ओरडलं. "शरम! शरम!"

दादाने लिहिलं: समोरील सदस्यांकडून अडथळा.

नावं पुकारली जात होती. एकेक जण उठून बाजूने किंवा विरुद्ध म्हणून खाली बसत होता. नानांचं नाव आलं तेव्हा सभागृह एकदम गप्प झालं.

"माननीय सदस्यांची जोड आमच्याकडे सांगितलेली आहे," सभापती म्हणाले.

"होती, सभापती महोदय."

"ती सोडवण्यात आली आहे का?"

"नाही."

पुन्हा आवाज उठले. दादाची पेन्सिल चालत होती. लघुलेखकाचा हात आवाजामागे धावतो. अर्थ मागून, दम टाकत येतो.

"ज्यांना मी शब्द दिला होता," नाना म्हणाले, "ते माननीय सदस्य आता आपल्यात नाहीत. थोड्याच वेळापूर्वी ते रुग्णालयात वारले. मी मत देतोय ते माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर. याला त्यांची संमती नव्हती, हेही नोंदवून घ्यावं."

दादाचा हात 'संमती' या शब्दावर होता, तेव्हा 'वारले' त्याच्यापर्यंत पोचलं.

हात थांबला नाही. त्याने 'नोंदवून घ्यावं' लिहिलं. समोरच्या बाकांवर कोणीतरी उठून उभं राहिलं, मग शेजारचा, मग सगळेच. कपड्यांची सळसळ ऐकू आली. तीही त्याने लिहिली: सदस्य उभे राहतात. चिन्हं नेहमीसारखीच बारीक, सरळ ओळीत पडत होती. ती कोण काढतंय हे त्याला कळत नव्हतं.

"आपलं मत?" सभापतींनी विचारलं.

नाना कठड्याला धरून उभे होते. जज्जसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं की लेकाच्या वाकलेल्या मानेकडे, हे कोणाला सांगता आलं नसतं.

"बाजूने."

दादाने ते लिहिलं.

मागून खांद्याला हात लागला. पाळी संपली होती. दादा उठला नाही. सहकाऱ्याने पुन्हा हलकेच हात लावला. उठलं की दाराकडे जावं लागणार होतं, आणि बाहेरच्या बाकावर आता कोण बसलं असेल, हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.